सगळ्यात मोठा लाल आकडा

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक आहोत, तुमच्याकडेही सगळे ठीक असतील. भाचीचा खोकला गेला का? इकडे थंडी लवकर पडली, त्यामुळे दुकानात कोटांची रांग लागली आहे. मशीनचा पट्टा पुन्हा तुटला. तुझी भावजय म्हणते, मशीन बदला. मी म्हणतो, शिंप्यानं मशीन बदलणं म्हणजे म्हातारपणी बायको बदलण्यासारखं. त्यावर तिनं जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझ्या पत्रातलं 'शाब्बास बाबा' मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस, तेही सांगितलं. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्यांच्या गेल्या वाढदिवसापासून तुझ्या एकाही पत्राला त्यांनी हात लावला नव्हता. मीच वाचायचो आणि ते भिंतीकडे बघत ऐकायचे. तेव्हा एवढं पुष्कळ समज.

तुला पाठवलेल्या फोटोतला बाबांचा कोट मीच शिवला आहे. छान बसलाय ना?

ते नेमकं काय खातात, किती चालतात, वजन कसं उतरवलं, हे सविस्तर कळव म्हणतेस. तू आहारतज्ज्ञ, तुला सगळं मोजून लागतं. मी आपला टेप फक्त कापडाला लावतो. पूर्वीइतकं खात नाहीत, एवढंच सांगतो. रविवारी हॉटेलात मात्र अजून जातो आम्ही. लगेच डोळे वटारू नकोस. तेच कोपऱ्यातलं टेबल, आई-बाबांचं. मिश्या अजून तिथेच वाढायला आहे. त्याच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या, पण बाबा दारात दिसले की फडकं घेऊन तसाच धावतो.

आणि गंमत सांगू? बाबा आता कार्डावरचे लाल आकडे वाचतात. हो, तेच, प्रत्येक पदार्थापुढचे कॅलरींचे आकडे, ज्यांच्यावरून त्यांच्या वाढदिवसाला रामायण झालं. तू कार्ड हातात घेऊन त्यांच्या आवडीच्या जेवणाची बेरीज केलीस, चीज घातलेलं क्रीममधलं चिकन, तळलेले बटाटे, शेवटी चॉकलेट केक, आणि आजूबाजूची टेबलं ऐकतील अशा आवाजात म्हणालीस, "बाबा, हे तुमचं दिवसभराचं अन्न आहे, आणि तुम्ही ते एका बैठकीत खाता. आई अशाच खाण्यानं गेली, ते विसरलात का?" बाबांनी काटा खाली ठेवला तो ठेवलाच. तुम्ही दोघं तेव्हापासून बोलत नाही आणि मी मधल्यामध्ये पोस्टमन झालो.

असो. आता ते वरपासून खालपर्यंत सगळे आकडे वाचतात, हे कळून तुला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

फोन उचलत नाही अशी तक्रार केलीस. मशीन चालू असली की काही ऐकू येत नाही गं. पत्रच बरं.

तुझा,
धाकटा


२९ नोव्हेंबर

ताई,

आधी एक काम कर. तो फोटो भिंतीवरून काढ.

तू लिहिलंस की बाबांचा वाढदिवसाचा, जाडेपणीचा फोटो आणि हा कोटातला, असे दोन शेजारी शेजारी लावून दवाखान्यात टांगलेत. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतेस, हे माझे वडील, या वयात त्यांनी करून दाखवलं, मग तुम्हाला का जमू नये. ते वाचलं आणि माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण ते तुझ्या दवाखान्याच्या भिंतीवर फुटेल असं वाटलं नव्हतं.

बाबांनी वजन उतरवलेलं नाही. ते आजारी आहेत. पोटात गाठ आहे. उन्हाळ्यात कळलं, तेव्हाच ती पसरली होती. डॉक्टर म्हणाले, या वयात कापण्यात अर्थ नाही.

लिहिलं एकदाचं.

माझ्या आधी माझ्या टेपला कळलं होतं. बाबांची पँट सैल व्हायला लागली, म्हणून मी मागच्या शिवणीतून आत घेतली. पुन्हा सैल झाली, पुन्हा घेतली. बाबा थट्टा करायचे, "शिंपीमहाराज, कापड चोरता की काय?" असं करत करत एक दिवस मागचे दोन्ही खिसे एकमेकांना येऊन भिडले. त्यापुढे शिवण आत घेता येत नाही, सगळी पँट उसवून नव्यानं कापावी लागते. ती पँट मांडीवर घेऊन मी दुकानातच रडलो. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं.

तुला कळवायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. म्हणाले, मास्तरीणबाई कीव करत येतील, ते मला नको. फोन मी मशीनमुळे उचलत नाही हे खोटं आहे. तुझा आवाज ऐकला की मला थाप मारता येत नाही. कागदावर जमते.

मग तू फोटो मागितलास. "नाही म्हटलं तर तिला संशय येईल," ते म्हणाले, "असा कोट शीव की काही कळायला नको." मी शिवला. खांद्यात दुप्पट भरण घातली, छातीला जाड कॅनव्हास लावलं आणि मानेच्या शिरा झाकाव्यात म्हणून कॉलर उंच ठेवली. पाठीमागून चिमटे लावून मग फोटो काढला. इतका सुंदर कोट मी आजवर कुणाला शिवला नाही, ताई, आणि शिवला तो तुझ्या डोळ्यांत धूळ फेकायला. आम्हाला वाटलं होतं, फार तर 'बरे दिसताहेत' असं लिहिशील. तू शाब्बास लिहिलंस.

तेव्हाच मी म्हटलं, "बाबा, आता तरी सांगू या. तिला भलतंच वाटतंय."

खिशावर हात ठेवून म्हणाले, "अरे, आयुष्यात पहिल्यांदा पोरीनं मला शाब्बास म्हटलंय. राहू दे की."

आनंदानं अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. त्या दिवशी ते खरोखर चढलं असतं तर किती बरं झालं असतं.

लाल आकड्यांचं मी तुला अर्धंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, आता पथ्य नाही. जे पोटात जाईल त्यात जितकी ताकद असेल तितकं चांगलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी कोपऱ्यातल्या टेबलावर बसताच मिश्याकडे कार्ड मागितलं. मिश्या चाटच पडला. आजवर त्यांनी कधी कार्ड मागितलं नव्हतं, तो त्यांना बघूनच आत ऑर्डर सांगायचा. बाबांनी चष्मा नाकावर घेतला आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचला.

"साहेब, ते आकडे कमी खाणाऱ्यांसाठी आहेत," मिश्या म्हणाला.

"माहीत आहे. त्यातला सगळ्यात मोठा कुठला?"

मिश्यानं वाकून शोधला. तेच क्रीममधलं चिकन. आयुष्यभर बाबा कार्ड न बघता नेमकं तेच खात आले होते. इतके हसले की मिश्यानं धावत पाणी आणलं. मग मला म्हणाले, "त्या दिवशी पोरीनं आकडे दाखवले नसते, तर कुठल्या ताटात जास्त दम आहे हे मला कधी कळलंच नसतं."

तेव्हापासून दर रविवारी तोच क्रम. सुरुवातीला अर्धं ताट जायचं. तोंड वेडंवाकडं करत, औषधासारखं, पण खायचे. घास उचलताना म्हणायचे, "हे शंभर झाले. आता आणखी शंभर." आवडीचं जेवण होतं गं त्यांचं. मला समोर बसवत नसे.

आता अन्नावरची वासनाच उडाली आहे. या रविवारी दोन चमचे खाल्ले आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मिश्या बाजूला उभा होता. त्यानं काही न विचारता केक आणून ठेवला, दोन चमच्यांसकट. आईच्या वेळी ठेवायचा तसा. बाबा त्या दुसऱ्या चमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या आईला मीच आग्रह करायचो, अजून एक घास घे म्हणून. पोरगी त्या दिवशी माझ्यावर नाही, त्या घासावर ओरडली. मला कळायला वेळ लागला."

मला वाटलं, आता म्हणतील, बोलाव तिला. म्हणाले नाहीत. पुन्हा कार्ड मागितलं. मला वाटलं, आणखी मोठा आकडा शोधताहेत. पण त्यांचं बोट खाली खाली गेलं आणि सगळ्यात शेवटी थांबलं. वाढदिवसाला तू मागवली होतीस ती हिरव्या पानांची वाटी. तिचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. मग चष्मा काढून मला विचारलं, "पोरगी अजून एवढ्यावरच जगते का रे?"

मी म्हटलं, "असेल."

"फार वाळली होती तेव्हा. तिला लिही, नीट जेवत जा म्हणावं."

एवढाच निरोप दिलाय त्यांनी. बाकी मी शब्द मोडून लिहिलं. रागावले तर रागावू देत. आता त्यांच्यात रागवायला फार ताकद उरलेली नाही, आणि तुला न कळवता ते गेले, तर तू नंतर मला जे म्हणशील ते ऐकायची ताकद माझ्यात नाही.

तू ये. कपडे भरायला कपाट उघडलंस तरी उशीर होईल, अंगावरच्या कपड्यांनिशी ये. डॉक्टर आठवड्यांची भाषा करताहेत. आल्यावर आहार, वजन, कुठली पावडर, यातलं काही काढू नकोस. तुझं ज्ञान मोठं आहे, पण त्याची वेळ गेली. तुझं चुकलं असंही म्हणू नकोस, त्यांना ते पेलणार नाही. त्यांना अजून चार पावलं टाकता येतात, हॉटेलच्या दारापर्यंत मी उचलून नेईन. त्यांच्या समोर बस, मिश्या जे ताट आणेल ते पुढे ओढ आणि जेव. पूर्ण. बटाट्यांसकट. त्यांना आता स्वतः जेवणं जमत नाही, दुसऱ्याला जेवताना बघणं तेवढं जमतं. मी दर रविवारी जेवतो त्यांच्यासाठी, पण त्यांचे डोळे माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर असतात.

मी नवी पँट कापायला घेतली होती. माप घेऊन तशीच ठेवली आहे. कात्री चालत नाही.

येताना काही आणू नकोस. फक्त भूक घेऊन ये.

तुझी वाट बघत,
तुझा धाकटा