धावपट्टीवर भाकरतुकडा

प्रिय कृष्णा,

पहिल्यांदा हे वाच, हर्षाली सुखरूप आहे. सकाळी शेंगांच्या चटणीशी दोन भाकरी रिचवल्या तिनं. परवाचं कानावर आल्यावर काल फोनवर तू एकच धोशा लावलास, ‘अक्का, पोरीला नाशिकच्या एसटीत बसव, पुरे झालं ते विमान शिकणं.’ मला तोंड उघडू दिलं नाहीस, म्हणून कागद घेतला. मोंढ्यातल्या दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलेली मी, चुकलंमाकलं सांभाळून घे.

परवा तुझी लेक पहिल्यांदाच एकटी वर गेली होती. मी आणि शेजारची धुरपताबाई आपल्याच रानात, विमानतळाच्या कुंपणालगत तुरीच्या शेंगा तोडत होतो. विमान खाली यायचं सोडून घिरट्याच घालायला लागलं. मग मनोऱ्याजवळून जाताना त्यानं पंख हलवले, डावीकडं, उजवीकडं. धुरपता ओरडली, ‘अगं, भाची हात करतीय तुला!’ माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! पोर एकटी आभाळात जाऊन परत येतीय, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायला नको? फडक्यातली भाकरी मोडली, पाण्याचा तांब्या घेतला आणि दोघी कुंपणाच्या तारेखालून थेट धावपट्टीवर!

शांतलिंग रखवालदार शिट्टी फुंकत पळत आला. ‘ओ मावश्यांनो, हे अंगण न्हाय, विमान येतंय!’ धुरपता म्हणते, ‘येऊ दे की, त्याच्यासाठीच तर आलोय!’ वर बघते तर विमान नाक खाली करून आमच्याच रोखानं. तेवढ्यात मनोऱ्यातून लाल दिवा चमकला आणि विमान घोंघावत आमच्या डोक्यावरून पुन्हा वर गेलं. डोक्यावरचा पदर कुठं गेला, मला कळलं नाही.

आम्हाला ओढत नेताना शांतलिंगनं सांगितलं, ‘पोरीचा रेडिओ बंद पडलाय. खालचं काहीच ऐकू येईना तिला.’ अशा वेळी मनोऱ्यातून दिवा दाखवतात म्हणे. हिरवा दिसला की उतरायचं, लाल दिसला की फिरत राहायचं, आणि पंख हलवून सांगायचं की दिवा दिसला. म्हणजे तिनं पंख हलवले ते हिरव्या दिव्याला, आणि तिच्या वाटेत आडव्या आलो आम्ही दोघी! कुंपणाला धरून सगळ्या देवांना हाका मारल्या.

तिनं मोठा वळसा घेतला. हिरवा दिवा लागला. पंख हलले. आणि टेकली कृष्णा, टेकली! उडी नाही, हिसका नाही, ताटात भाकरी ठेवावी तशी. तिचे मास्तर लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते.

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. तर जवळ येऊन हसते कशी, ‘आत्या, लाल दिवा दिसला तेव्हा वाटलं कुत्रं आडवं आलंय. बघते तर तुझं जांभळं लुगडं!’ घाबरली नाहीस का, विचारलं. म्हणाली, ‘लई घाबरले की. पण हात कामात होते.’

तुझा निरोप मी तिला दिला, लपवला नाही. ती म्हणाली, ‘आत्या, आज जर का मी वर गेले नाही, तर पुन्हा कधी जाणार नाही.’ कृष्णा, तिला एसटीत बसवलं नाही मी. तुला न विचारता ‘जा’ म्हणाले. रेडिओ दुरुस्त झालाय, मास्तरांनी दोनदा तपासलाय. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिला एक शब्द बोलू नकोस. हेच सांगायला लिहितेय, आणि लिहितेय तेही बांधावर बसून, कारण पोर आत्ता वर आहे. रविवारी ये. न्यायला नको, बघायला ये. थांब, वळली बघ... खाली येतीय... आली रे, आली तुझी लेक!

तुझीच,
अक्का