खड्ड्यातलं मीठ

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५
आज अंबाडीच्या घरी पहिला दिवा लावला. भिवंडीतल्या नव्या इमारतीत वायरिंग झकास होतं, पण सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये गाडीचा चार्जर लावू दिला नाही. ह्यांची ड्युटी कशेळीच्या गोदामात, रोजचं पेट्रोल परवडेना. म्हणून जुनी विजेची गाडी घेतली आणि तिच्यापायी हे कौलारू घर. अंगण मोठं आहे, विहिरीला पाणी आहे. दिपिकाला बारावीच्या अभ्यासाला खिडकीची खोली मिळाली. घर विकणारे भाऊ जाताना सांगून गेले, फाटकाजवळच्या शेंदरी दगडापुढे अवसेला भात ठेवत जा, पण अळणीच. वाटीभर भाताने तो राजी राहत असेल तर माझी काय हरकत!

मंगळवार, २५ नोव्हेंबर
चार्जर भिंतीवर बसला, पण दिवा लालच. वायरमन दीपेश म्हणाला, काकू, जुन्या घराला अर्थिंगच नाही, खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरावा लागेल. नव्या घरात परवानगी नाही, जुन्या घरात अर्थिंग नाही. माणसाने करायचं तरी काय? खड्ड्याला ओली जमीन लागते, आणि ओल होती ती फक्त दगडापुढे. नारळ वाढवला, क्षमा मागितली आणि तिथेच खणायला लावलं. खडेमिठाच्या गोणी रिकाम्या केल्या. एवढा खड्डा खणलाच आहे तर घरातल्या सगळ्या प्लगांना त्याची तार ने, असं मीच सांगितलं. देव्हाऱ्यालापण देऊ का, म्हणून मेला चेष्टा करत होता. दे म्हटलं, तिथल्या बटणाला झिणझिण्या येतात. संध्याकाळी दिवा हिरवा झाला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. नैवेद्य आधी चाखत नाहीत, त्यामुळे पानावर बसल्यावर कळलं. वरण, भाजी, कोशिंबीर, सगळं अळणी. हे म्हणाले, लक्ष कुठे असतं तुझं? मीठ मी माझ्या हाताने घातलं होतं. वरून घेतलं तरी जिभेला लागेना. त्यात चार्जर पुन्हा लाल. दीपेश म्हणतो, जमीन मीठ पितेय, आणखी ओता. ओतलं. हिरवा झाला. असं किती दिवस ओतायचं?

शनिवार, २९ नोव्हेंबर
लोणचं नुसतं आंबट लागतंय. प्रत्येक प्लगच्या वरच्या, अर्थिंगच्या भोकाभोवती पांढरा, ओला थर. पुसला की परत. दीपेश म्हणतो, ओल आहे काकू. ओल अशी नसते. चाटल्यासारखी—

मंगळवार, २ डिसेंबर
दिपिका अभ्यासाच्या टेबलाशीच कोसळली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मीठ फार उतरलंय, उपास करते का? सलाइन लावून घरी आणली आणि थोड्या वेळात ओठ परत पांढरे. भाऊंना फोन केला. खड्डा, मीठ, तारा, सगळं सांगितलं. मग म्हणाले, घराचं मीठ खाल्लं की तो घरचा होतो, बाई. फाटकावर राहत नाही, आत येतो. म्हणून तर अळणी. तुम्ही गोणीने चारलंत, वर खोलीखोलीत तार नेलीत.
मी नेली. मीच.

बुधवार, ३ डिसेंबर
तारा तोडायला लावल्या. खड्डा बुजवला. दिवा हिरवाच. तार नाही, तरी गाडी भरतेय. हे खूश, मला वेडी म्हणतात. दिपिकाचे डोळे पुसताना बोट ओठाला लागलं— गोडं पाणी. तिला इथे ठेवणार नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर
हे तिला घेऊन सकाळीच निघाले. भिवंडीला, माझ्या बहिणीकडे, मनिषाकडे. गाडी पूर्ण भरलेली. मी नैवेद्य केला, दाखवला, घास घेतला—
खारट! वरण खारट, भाजी खारट. रडले, तर आसवंही खारट. सुटलो गं, आई—

चार्जरचा दिवा विझलाय. बुजवलेली माती खचलीय. तिथून पांढरी, ओली रेघ गाडी उभी होती तिथपर्यंत. पुढे नाही.

फोन लागला. हे म्हणाले, गाडी मस्त पळतेय, दिपिका मागे झोपलीय, पण तिच्या शेजारची सीट ओली कशाने झाली? मी ओरडले, थांबवा, तिला उतरवा, रस्त्यातच— फोन कट. पुन्हा लावते. लागत नाही. पुन्हा—

वरणात मीठ आहे. म्हणजे तो इथे नाही. म्हणजे तो माझ्या दिपि—