परीक्षेचा शर्ट

चंद्रपूर,
१४ नोव्हेंबर २०२४

अल्ताफभाईले मुश्ताकचा सलाम.

तू खुशाल असशीन. भाभीचे गुडघे कसे हायेत? तिकडं धानाची कापणी सुरू झाली असंल.

वर चंद्रपूर वाचून दचकू नको. मस्कतहून येऊन चार दिवस झाले. लॉजवर उतरलो. काल गोंडपिपरीले आलो बी होतो. तू दुकानात मशीनवर वाकून कॉलर लावून राह्यला होता. मी रस्त्यापलीकडून पाह्यलं अन् पहिल्याच बसनं वापस आलो.

तिकडचं बरं हाये. आठ वर्षं दुसऱ्याकडं शिवलं, मंग आपलं दुकान टाकलं. तवापासून तिथल्या दवाखान्यांचे कपडे आपल्याच कारखान्यात शिवतात. साठ कारागीर हायेत. आता सगळं माही पोरगी शगुफ्ता पाहते.

गेल्या महिन्यात तिनं नव्या दुकानाच्या भिंतीवर माही गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून घेतली. मुंबईच्या एजंटानं चंद्रपुरात शर्ट शिवायले लावला, कॉलर पाहून अब्बाले मस्कतच्या कामासाठी तिथंच निवडलं, अशी. लोकं वाचायचे, माहा हात हातात घ्यायचे. मले त्या दुकानात पाय ठेववेना.

शेवटी पोरीले सांगतलं. "तो शर्ट तुह्या काकाचा होता. दोघं भाऊ परीक्षेले गेलो होतो. तो पानी प्यायले बाहेर गेला. एजंटानं शर्ट उचलून विचारलं, कोनाचा? मी म्हटलं, माहा."

तिनं उठून भिंतीवरची गोष्ट पुसून घेतली. म्हणाली, "काकाले सांगा. पन फोनवर नको. फोनवर तुम्ही हवापानी विचारून ठेवून देता."

एक गोष्ट मात्र तिले बी सांगतली नाई, भाई. एजंटानं विचारलं तवा तू वापस आला होता. दारात उभा होता. मी 'माहा' म्हटलं ते तू आयकलं. माह्याकडं पाह्यलं. अन् मस्कतले निघालो तवा माही पेटी बसपर्यंत तूच उचलून आनली.

बत्तीस वर्षं झाली. तू शिव्या दिल्या असत्या तर मले झोप तरी लागली असती. तू काऊन बोलला नाई?

येत्या गुरुवारी येतो. काय बोलायचं ते तोंडावर बोल. मारलं तरी चालंल. पन आता गप्प नको राहू.

तुहा कसूरवार लहाना,
मुश्ताक