मला जे कळलं ते सांगतो

प्रिय आबा,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. तुम्ही म्हणाला असतात, "सूनबाई, मी काय नोटीस बोर्डावर लागलोय व्हय?" म्हणून साधंच लिहिते.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. इतके दिवस लिहावंसं वाटलं नाही. आज वाटलं, कारण सकाळी कॉलेजच्या गेटवरच्या शिंदेमामांनी मला एक गोष्ट सांगितली. ती तुम्ही मला कधीच का सांगितली नाहीत? कार्यशाळा संपून हॉल रिकामा झालाय आणि मी उरलेल्या अभिप्राय फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर लिहीत बसलेय.

तुमचे फॉर्म आठवतात का? बाकीचे लोक वक्ता उभा राहायच्या आधीच सगळीकडे 'उत्तम'वर खूण करून मोकळे होतात. तुम्ही एकदा लिहिलं होतंत, "चहा उत्तम. बाकीचं परत सांगावं." मी तो फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी घातला होता.

आमच्या लोणावळ्याच्या कॉलेजने गावच्या लोकांसाठी शनिवारच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या शनिवारी खुर्च्या रिकाम्या राहतील या धास्तीने मी तुम्हाला म्हटलं, "आबा, नुसते येऊन बसा." इंदुरीहून तळेगाव, तिथून लोकलने लोणावळा, असे तुम्ही आलात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आपल्याकडे पहिल्या रांगेत कोण बसतं? सगळे मागची भिंत धरून बसलेले. तुम्ही मात्र पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसलात. पण नुसते बसला नाहीत.

वक्त्यांचं संपलं, मी आभार मानायला उठणार, तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात. "आता मला जे कळलं ते सांगतो. चुकलं की थांबवा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोत तुमची हयात गेली. तिथे तुमच्या टोळीची रीत अशी की साहेबाची सूचना आपल्या शब्दांत परत बोलून दाखवल्याशिवाय कुणी पेटीला हात लावायचा नाही. डेपोत ठीक होतं हो. पण माझ्या हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर?

पुढच्या प्रत्येक शनिवारी तेच. मोबाइलची फसवणूक असो, गांडूळखत असो, आबा उठणार. घरी मी यांच्याकडे कुरकुर करायची, "तुमच्या वडिलांना सांगा ना जरा." हे नुसते हसायचे.

मग ती जुलाबाच्या आजारावरची कार्यशाळा झाली. अंगणवाडीच्या ताया आणि लेकुरवाळ्या बायकांनी हॉल भरला होता. डॉक्टर मॅडम छान बोलल्या, पडद्यावर चित्रंही दाखवली. "कळलं का?" म्हणून विचारलं, तर सगळ्यांच्या माना डोलल्या. तुम्ही उठलात.

"मला जे कळलं ते सांगतो. लेकराला जुलाब लागलं की ती मीठ-साखरेची पुडी फोडायची. पेलाभर पाण्यात चिमूटभर टाकायची. उरलेली पुडी डब्यात जपून ठिवायची. बरोबर का?"

मॅडमचा चेहरा उतरला. "नाही हो आबा. अख्खी पुडी एकाच वेळी एक लिटर पाण्यात. थोडी थोडी घालायची नाही." आणि मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "आमी बी तसंच करतो की. वाया जायला नको म्हणून." दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. मॅडमनी भांडं मागवलं, पाणी मोजून दाखवलं, सगळं पहिल्यापासून सांगितलं.

आबा, त्या दिवशी किती लेकरांना नीट पाणी मिळालं असेल, कुणाला ठाऊक. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हॉलमधलं खरं काम तुम्ही करताय. थोडंसं कळलंही. पण लाज काही लगेच सुटत नाही.

आणि मग समिती आली. कॉलेज तपासायला बाहेरून मोठी माणसं येणार, माझी शनिवारची कार्यशाळा बघणार. पसंत पडली तर चालू राहणार, नाहीतर बंद. आदल्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "आबा, उद्याची रद्द झाली." तुमच्याकडे न बघता म्हटलं, चपात्या लाटता लाटता. तुम्ही म्हणालात, "बरं."

कार्यशाळा देखणी झाली. कुणी काही विचारलं नाही. समिती खूश झाली. संध्याकाळी घरी आले तर तुम्ही ओट्यावर पाय सोडून बसला होतात. "रद झालं ते बरंच झालं सूनबाई, माझा बी गुडघा दुकत व्हता." मी निश्चिंत होऊन चहा टाकला.

आज शिंदेमामा म्हणाले, "मॅडम, आबा लय भला माणूस. समिती आलती ना, त्या दिशी तुमचा घरी ऱ्हायलेला डबा घिऊन आलते. रांगोळी बघितली, माइकचा आवाज ऐकला. म्हनलं आत जा की. तर म्हनले, नगं, सूनबाईचं काम चाललंय. डबा माज्याकडं दिला आन् म्हनले, पोरानं आणून दिला म्हनून सांगा."

डबा मी खाल्ला होता. मामांनी तेव्हा सांगितलं तसं हे देऊन गेले असंच धरून चालले, यांना विचारलंही नाही. तेवढ्यासाठी तुम्ही इंदुरीहून लोणावळ्याला आलात, गेटवरून परत गेलात आणि माझं खोटं सांभाळून घेतलंत? पुढच्या शनिवारी पुन्हा पेन लावून पहिल्या रांगेत बसलातही. मला माफ करा, आबा. ही माफी तुम्ही असताना मागायला हवी होती.

ते ऐकून तशीच हॉलमध्ये गेले. आज पर्यटकांना घरी मुक्कामाला ठेवणाऱ्यांसाठी गॅसच्या सुरक्षेवर कार्यशाळा होती. कुरवंड्याकडच्या बायका बऱ्याच आल्या होत्या. सर छान बोलले. "कळलं का?" सगळ्यांच्या माना डोलल्या. पहिली रांग रिकामी. कुणीही उठेना.

मग मी उठले. म्हटलं, "आता मला जे कळलं ते सांगते, चुकलं की थांबवा. गॅसचा वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि वास जायला पंखा लावायचा."

"थांबा," सर म्हणाले. "पंखा नाही. कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. ठिणगी पडेल." त्यांनी ते आधी सांगितलंही होतं. मी ऐकलं होतं, कळलं नव्हतं. बायका हसल्या. मग कुरवंड्याची एक काकू उठली, "हसताय काय? आमी बी पंकाच लावला असता. सर, आता मी बोलते, तुमी ऐका." तिच्यानंतर दुसरी उठली. चहा गार झाला, कार्यक्रम पाऊण तास लांबला. वेळापत्रक बिघडलं की माझं डोकं फिरतं, तुम्हाला माहीत आहे. आज फिरलं नाही.

तुम्ही मला कधी शिकवायला बसला नाहीत. पण इतक्या वक्त्यांनी जे दिलं नाही ते तुमच्याकडून मिळालं, आणि मी त्याला अडचण समजत होते.

शब्द देते. यापुढे प्रत्येक कार्यशाळेचा शेवट असाच होईल. आभार मागाहून, आधी ज्याला जे कळलं ते त्याने बोलायचं. कुणी उठलं नाही तर मी उठेन, चुकेन, सगळ्यांसमोर.

पुढच्या महिन्यात समिती पुन्हा येतेय. आबा, त्या दिवशी कार्यशाळा आहे. रद्द झालेली नाही.

तुमची सून,
वैशाली