हरमलच्या पाण्याचा शेवटचा कॅन

प्रिय बाबा,

जिथं असशील तिथं आधी गाडी सावलीत लाव, मग हे वाच. स्टिअरिंगवर एक हात ठेवून मोबाईल बघायची तुझी सवय मला माहीत आहे.

आज तुझा शेवटचा कॅन रिकामा झाला, म्हणून लिहायला बसले. इतके दिवस तुझ्याशी बोलायला गेलं की आधी भांडणच तोंडात यायचं. आज ते जरा कमी झालंय. संपलेलं नाही हं! येईलच पुढे.

कुठला कॅन म्हणून विचारशील. तू गेलास त्या दिवशी पिकअपच्या हौद्यात राहून गेला होता, तो निळा. हरमलच्या समुद्राच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेला. मामा गाडी चालवायला घेऊन गेला तेव्हा त्याच्या माणसांनी तो उतरवून पडवीत ठेवला, तुझ्या चपलांच्या बाजूला. चपला आईनं नंतर आत नेल्या. कॅनला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. आई झाडताना त्याच्या भोवतीनं झाडू फिरवायची.

आठवतं, अकरावीला मी मरिन बायोलॉजी हा विषय घेतला तेव्हा किती हसला होतास? डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवलास, खाणी बंद पडल्यावर पिकअप घेऊन हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅक-हॉटेलांना भाजी पोचवायला लागलास, आणि तुझी मुलगी काय शिकणार तर मासे! "म्हंजे नुस्त्याची शाळा?" तू म्हणालास. "गो, नुस्तां खावचां आसता, शिकूचां नसता!" आई भाकरी थापत होती, तीही हसली. मी मात्र रुसले होते. नुस्तं म्हणजे तुझ्या लेखी ताटातला मासा, दुसरा मासा तुला माहीतच नव्हता.

पण तुझ्या त्या हसण्याचं पुढं काय झालं बघ. आमच्या टीचरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पुस्तक मागीर. पयलीं हात धुवा, साबू लावंक नाका." साबणाचा हात टाकीत गेला तर मासे मरतात, हा आमचा पहिला धडा. वर्गाच्या मागच्या भिंतीला लांबलचक काचेची टाकी होती. तिच्यात हरमलच्या खडकांतल्या डबक्यांतून आणलेले पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे, आणि दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा. खायला घालायचं, काच पुसायची, खारेपणा मोजायचा आणि दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून नवं घालायचं. नवं म्हणजे समुद्राचं. शाळा पेडण्याला, समुद्र लांब. टीचर आपल्या स्कूटरवरून बाटल्या आणायची, त्या पुरायच्या नाहीत.

हे मी जेवताना सहज बोलले. मागितलं नव्हतं, बाबा. हे मी स्वतःला कितीदा बजावलंय! तूच म्हणालास, "हरमलाक रोज जातंय मां मी? येताना गाडी रिकामीच येता."

आणि पहिला कॅन? शेजारच्या बाबल्याकाकाकडून मागून आणलास, वासबीस न घेता. टीचरनं झाकण उघडलं आणि अख्ख्या वर्गात काजूच्या दारूचा, हुर्राकचा भपकारा! काजूच्या सगळ्या सीझनभर बाबल्याकाकानं त्यात हुर्राक साठवली होती. तुला फाटकातून आत बोलावून घेतलं तेव्हा तू कान धरून म्हणालास, "टीचर, पाणी हरमलाचांच आसा. कॅन तेवढो बाबल्याचो." पोरं मला कितीतरी दिवस चिडवत होती, "तुज्या बापायन माशांक सोरो हाडलो!" मला लाज वाटायची आणि हसूही यायचं. दुसऱ्याच दिवशी तू नवे निळे कॅन घेऊन आलास.

तेव्हापासून पाण्याचं खातं तुझं. मी तुला फर्मानंही सोडायला लागले होते. काठावर भरू नकोस, तिथं वाळू येते. कमरेएवढ्या पाण्यात जा, कॅन बुडव आणि झाकण पाण्यातच लाव. तू "होय मॅडम" म्हणायचास आणि घरी यायचास तो ओल्या पँटनं. आई ओरडायची. तुझ्या एकाही कॅनमध्ये वाळूचा कण सापडायचा नाही. टीचर वर्गात सांगायची, की असं पाणी तिला कॉलेजात शिकतानाही मिळालं नव्हतं.

मोबाईलवर तुला टाकीचा व्हिडिओ दाखवला तर तुझा पहिला प्रश्न काय? "केवढो होतलो ह्यो? कढयेक पुरतलो काय?" एक मासा आपल्या दगडाजवळ कुणाला फिरकू देत नव्हता. खेकडा गेला तरी अंगावर धावून जायचा. तू म्हणालास, "ह्यो तर भाटकार! सगळां भाट आपलांच समाजता." झालं, त्या जमीनदार माशाला वर्गात सगळेच भाटकार म्हणायला लागले. टीचरसुद्धा.

पण त्या भाटकाराला तू डोळ्यांनी कधी पाहिलं नाहीस. कॅन शिपायाच्या खोलीपाशी ठेवायचास आणि हॉर्न वाजवून निघून जायचास. "आज भाजी सुकतली, उद्या येतंय." आमचं प्रदर्शन झालं तेव्हाही तुझी डिलिव्हरी होती. सगळ्यांचे आईबाबा काचेला नाक लावून उभे होते. मला वाटलं, बारावीचं वर्ष आहेच की! तुलाही तसंच वाटलं असणार. आपण दोघंही किती खात्रीनं पुढच्या वर्षावर टाकलं रे!

मे संपत आला तेव्हा तू म्हणालास, पाऊस लागला की दर्या गढूळ होतो, आधीच भरून ठेवलेलं बरं. फेऱ्या करकरून तू शाळेची अडगळीची खोली कॅननी भरलीस. शेवटच्या फेरीला फाटक बंद होतं म्हणून एक कॅन घरीच घेऊन आलास. "उद्या दितंय," म्हणालास आणि चहा न घेता आडवा झालास. तू, आणि चहा नको! तेव्हाच कळायला हवं होतं. म्हापशाच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता भांडण ऐक.

तुझ्या बाराव्यानंतर शॅकमधला पास्कू आपल्या घरी आला. हातात पोयांची, गव्हाच्या पावांची पिशवी. आईच्या समोर बसेना, खांबाला टेकून उभाच राहिला. म्हणाला, "वयनी, त्या दिसा तो रेंवेर बसलो, दावो हात धरून. हांवें म्हळें, दोतोराकडे वच. तर म्हणूंक लागलो, बायेक सांगू नाका, ती उदक बंद करतली."

डावा हात धरून वाळूत बसलास, तरी डॉक्टरकडे गेला नाहीस, का, तर मी पाणी बंद करेन म्हणून!

केलंच असतं, बाबा! त्याच क्षणी केलं असतं. काय बिघडलं असतं? भूगोल घेतला असता. टीचरनं स्कूटरवरून बाटल्या आणल्या असत्या. चार मासे मेले असते. तुला काय वाटलं, मला मासे जास्त प्यारे आहेत? असं वाटावं इतकी मी जेवताना त्यांचंच बोलत होते का? हा प्रश्न मला सोडत नाही. तुला विचारता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाचं उत्तर मला पटत नाही.

डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं. आई तर मला बोलूच देत नाही. "कॅनान नाय गेलो तो, बिडयेन गेलो," म्हणते आणि भांडी घासायला लागते.

बारावी सुरू झाली तरी मी टाकीकडे फिरकत नव्हते. माझ्या पाळीचं काम इतर मुलं करायची. तुझे कॅन एकेक करून संपत होते, ते मला कळायचं. टीचरला आपल्या पडवीतला कॅन माहीत होता, पण तिनं एकदाही विचारलं नाही.

मग चवथ आली. यंदा आपल्याकडे गणपती नव्हता, म्हणून फळाफुलांची माटोळी नाही, नेवऱ्या-करंज्या नाहीत, आई नि मी घरात नुसत्या बसून. तिकडे सुट्टीत झाड पडून शाळेची वीज गेली, शिपाई गणपतीला गावी गेलेला, टाकीचा पंप बंद. शाळा उघडली तेव्हा पाणी पांढुरकं झालं होतं नि दोन मासे तरंगत होते. भाटकार आपला दगड सोडून वर येऊन तोंड उघडमीट करत होता. वर आलेला भाटकार मी कधी बघितला नव्हता. वीज आली, पंप पुन्हा सुरू केला, तरी पाणी तातडीनं बदलायला हवं होतं. अडगळीच्या खोलीत सगळे कॅन रिकामे. समुद्र अजून मातीच्या रंगाचा. टाकीचं विकतचं मीठ टीचरनं मागवलं होतं, ते यायला वेळ होता. वर्गातली मुलं माझ्याकडे बघायची आणि मान खाली घालायची.

मी घरी आले नि पडवीत कॅनसमोर बसले. तुझ्या हातानं भरलेलं एवढंच उरलं होतं, बाबा. ते ओतलं की संपलं. आणि मासा तरी केवढा! तुझ्याच हिशोबात एका कढीलाही न पुरणारा.

आई दारात येऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "उठ. तां पाणी त्येना माशांसाठी हाडल्यान, पुजूक नाय."

सकाळी आम्ही दोघींनी मिळून तो उचलला. मी तुझा भरलेला कॅन आयुष्यात पहिल्यांदा उचलत होते. पडवीच्या पायऱ्या उतरेपर्यंत हात भरून आले. रस्त्यापर्यंतच्या त्या चढणीवर किती वेळा खाली ठेवला, देव जाणे. तू एका हातात एक, दुसऱ्या हातात एक घेऊन यायचास आणि वर शीळ घालायचास! शेवटी आई धापा टाकत कॅनवरच बसली. मग म्हणाली, "बिडयेनच गेलो तो." पण या वेळी माझ्याकडे न बघता, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

बाबल्याकाकानं कॅन स्कूटरवर पायांपाशी घेतला नि मला मागे बसवलं. "ह्यो माझो न्हय मगो?" म्हणून हळूच विचारलं त्यानं. मी म्हटलं, "काका, तुझा असता तर मासे आज नाचले असते." बाबा, तू गेल्यावर मी पहिल्यांदाच हसले. लगेच रडूही आलं. तो हळूहळू चालवत राहिला.

टीचरनं त्या पाण्यात दुपारपर्यंत हवा सोडली, खारेपणा मोजला आणि नळी माझ्या हातात दिली. मी थोडं थोडं करून पाणी टाकीत सोडलं. कॅन तळाला आला तेव्हा मला खाली काहीतरी दिसलं. वाळू. मूठभर.

तुझ्या कॅनमध्ये वाळू! म्हणजे त्या दिवशी तू कमरेएवढ्या पाण्यात गेला नाहीस. जाववलं नाही तुला. काठावरच बसून भरलास. भरलास तरी! मी नळी टीचरच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तुझी छाती दुखत असताना भरलेलं पाणी होतं ते. मला कुणी कितीही समजावलं तरी हे आता माझ्याजवळ राहणार.

परत आत आले तेव्हा सगळी काचेपाशी जमली होती. भाटकार खाली उतरला होता. दगडाला एक फेरी मारली त्यानं, मग खेकडा तिथून चालला होता त्याच्या अंगावर धावून गेला. टीचर म्हणाली, "पळय, भाट परत घेतलें ताणें." मी तुझ्यासाठी व्हिडिओ काढला. मोबाईल खिशात ठेवताना लक्षात आलं, की दाखवायला तू नाहीस.

वाळू मी घरी आणलीय. आईनं ती तुळशीत घातली.

आता एक वचन देते. पाऊस ओसरला की रविवारी हरमलला जाईन, पास्कू सोबत येतो म्हणालाय. तुझा निळा कॅन घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरेन. पण अर्धाच भरेन, बाबा, मला झेपेल तेवढाच. आणि कधी कुठं दुखलं, अगदी जरासं जरी दुखलं, तर त्याच दिवशी आईला सांगेन. त्यानं तिचं काहीही बंद पडणार असलं, तरी तुझ्यासारखं लपवणार नाही.

तुझीच,
बाय
हळर्ण