पिंपातल्या आसरा

सोलापूर, ता. ४ सप्टेंबर १९३६

तीर्थरूप दादास,
धाकट्या रंभेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही सारे खुशाल आहोत. मालकाने चाळीत वीज आणली. तू जेऊर स्टेशनात दिवसभर तारा ठोकतोस आणि रात्री कंदिलाच्या उजेडात जेवतोस. तुझी बहीण मात्र विजेच्या दिव्याखाली भाकरी थापते. आता मला अडाणी म्हणून दाखव!

एक नवल सांगते. विजेची तार न्हाणीच्या पत्र्यावरून आत घेतली आहे. आठवडाभर पावसाची झड लागली आहे आणि तेव्हापासून न्हाणीतल्या लोखंडी पिंपात हात घातला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. पिंप चोरीला जाऊ नये म्हणून सासूबाईंनी ते पत्र्याच्या लोखंडी खांबाला तारेने बांधून ठेवलं आहे, तुला ठाऊकच आहे. त्या म्हणतात, साती आसरा आल्यात गं पिंपात, लई पुण्याई लागती त्याला. रोज हळदकुंकू वाहतात. विणकरांच्या बायकासुद्धा येऊन पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावतात. काल सासूबाईंचा हात बराच वेळ बधिर होता, तर म्हणाल्या, देवीनं हात धरला.

मला मात्र न्हाणीत जायला भीती वाटते. यांना सांगितलं तर हसतात. तू हसू नकोस.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी रंभा


जेऊर, ता. ७ सप्टेंबर १९३६

चि. सौ. रंभेस,
हिंदुरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं. मी हसलो नाही गं.

पिंपात आसरा नाहीत, वीज आहे. आमच्या तारेचं काम मी रोज पाहतो. खांबांवरून एकच तार जाते, परतीची वाट जमिनीतून असते. वीज सारखी जमिनीकडे जायला वाट शोधते आणि ओलं काही सापडलं की तिला रस्ता मिळतो. तुमची तार पत्र्यावर घासून उघडी पडली असणार. तिथून पत्रा, पत्र्यातून खांब, खांबातून तुझ्या सासूबाईंनी बांधलेली तार, तारेतून पिंप आणि पाणी. त्या पाण्यात हात घालून ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलेलं माणूस म्हणजे तिची पुढची वाट. आज झिणझिण्या आल्या म्हणून उद्याही तेवढ्याच येतील असं नाही. दिवा मालवला म्हणजे वीज गेली असंही समजू नकोस, बटणाच्या अलीकडे ती जागीच असते.

मालकाला सांगून चाळीची वीज बंद करवून घे. तोवर पिंप, पत्रा, न्हाणी, कशालाही शिवू नका. सासूबाई ऐकणार नाहीत, त्यांच्या पाया पड, पण अडव. हे पत्र पोचायला दोन दिवस लागतील, म्हणून आत्ताच तुझ्या नावाने तार ठोकली आहे. दुपारपर्यंत ती तुझ्या हाती पडेल. आमच्याकडे सगळं इंग्रजीतच चालतं, शेजारच्या कुणाकडून वाचून घे.

माझी भीती खोटी ठरू दे, मग मला जन्मभर चिडव. तुझ्या यजमानांना नमस्कार सांग.
तुझा दादा


सोलापूर, ता. २२ सप्टेंबर १९३६

तीर्थरूप दादास,
रंभेचा नमस्कार.

तू जिवंत आहेस. हे आधी लिहिते, कारण त्या दुपारी तू माझ्यासाठी मेला होतास.

तारवाल्याने कागद दिला आणि जेऊरची हाय, एवढंच बोलून तो गेला. आपल्याकडे तार कशासाठी येते ते तुला सांगायला नको. कागद उघडायच्या आधीच सासूबाईंनी हंबरडा फोडला, की रंभे, तुझा भाऊ गेला गं. मी उंबऱ्यातच कोसळले. इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, हे गिरणीत होते. चाळीतल्या बायका म्हणाल्या, वाचायचं काय त्यात, बातमी कानावर आली, आता नेसत्या लुगड्यानिशी अंघोळ कराया हवी.

मी उंबऱ्यातून उठले नव्हते. तुझं सुतक मला, अंघोळ माझी. पण सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, तू बस हितंच लेकी, मी पाणी काढून देते. सात वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा लेकी म्हटलं. आसरांना हात जोडून त्यांनी तांब्या पिंपात बुडवला. ओरडल्यासुद्धा नाहीत. मी धावले, पण शेजारच्या नागव्वाने माझा पदर धरून मला मागे ओढलं. मालकाने खटका पाडला तोवर सगळं संपलं होतं.

संध्याकाळी गिरणीच्या कारकुनाने तार वाचली. पाण्याला हात लावू नका. यांनी ती त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतली. तुझं पत्र आलं ते तिसऱ्याच्या दिवशी.

तुझा दोष नाही, दादा. हे मी रोज स्वतःला सांगते, तूही सांगत जा. चाळीची वीज तोडली आहे. आम्ही चिमणीच्या उजेडात जेवतो. पिंप भंगारात गेलं, तरी माझा हात अजून पाण्यात जात नाही. नागव्वा माझ्या अंगावर पाणी ओतते आणि मी डोळे मिटून घेते.

एवढं माझं ऐक. यापुढे काहीही होवो, मला तार करू नकोस. पत्र टाक. उशिरा आलं तरी मी वाट बघेन.
तुझी रंभा