नळीवरचा दुसरा जंतू

वाराणसी
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय शार्दूलदादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि अवनी बरे असाल असं धरून चालते. इथे कार्तिकाची गर्दी आहे. पंचगंगा घाटावर आकाशदिवे लागलेत, घराकडच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. शेजारच्या कालिंदीकाकू हॉस्पिटलमध्ये डबा पाठवतात आणि डब्याबरोबर सल्लेही.

फोनवर तू एकच विचारतोस, "औषध लागू पडतंय का? हो की नाही, तेवढं सांग." मी जरा थांबले की चिडतोस. म्हणून लिहिते आहे. फोटो काढून पाठवीन. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

अण्णांचा ताप उतरलेला नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घातलेल्या नळीमुळे लघवीत संसर्ग झाला, हे तुला ठाऊक आहे. नमुना माझ्याच लॅबमध्ये आला. त्यात ई. कोलाय हा जंतू वाढला आणि चालू औषधानं तो प्लेटवर साफ मेला. 'औषध लागू' या रिपोर्टवर सही माझी आहे. तेच औषध अण्णांच्या शिरेतून जात होतं, आणि ताप चढत होता. मी पुन्हा नमुना घेतला. पुन्हा मेला. दादा, मला काही कळेना. रिपोर्ट चूक नव्हता आणि तापही खरा होता.

मध्ये अण्णा शुद्धीवर होते तेव्हा म्हणाले, "काय गं, सापडला का तुझा चोर?"

"सापडलाय. पण लॅबमध्ये आणला की लगेच मरतो."

"म्हणजे त्यालाही मरायला जागा बघून लागते. काशीचाच दिसतोय."

मी हसले नाही. नंतर जिन्यात हसू आलं, आणि मग बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आमच्या कामाची एक शिस्त आहे. प्लेटवर दोन जंतू वाढले, तर महत्त्वाचा वाटतो तो उचलायचा, वेगळा वाढवायचा आणि त्या एकट्यावर औषध तपासायचं. या प्लेटवर दुसरा एक फिकट जंतू होता. नळीवर असे पाहुणे बसतातच, म्हणून तो कुणी मोजला नाही. मीही नाही. तीन दिवसांपूर्वी दुसरं काही सुचेना म्हणून दोघांना एकाच ट्यूबमध्ये वाढवलं आणि औषध घातलं. दोघेही जगले.

हा दुसरा जंतू एक एन्झाइम बनवतो. आपल्या औषधाच्या रेणूत एक छोटी कडी असते. तिच्या जोरावर औषध जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही. एन्झाइम ती कडीच तोडतं. कडी तुटली की औषध असून नसल्यासारखं. हा जंतू आजूबाजूचं औषध इतकं संपवतो की शेजारचा ई. कोलायही वाचतो. ई. कोलायला स्वतःला औषधाचं काहीच करता येत नाही, आणि तरी तो जगतो. आम्ही त्याला वेगळा काढून तपासत होतो. अण्णांच्या अंगात तो वेगळा नव्हताच.

डॉक्टर विश्वजीतांना हे दाखवलं. त्यांनी नळी बदलली आणि जोडीला दुसरं औषध सांगितलं. ते जंतूला मारत नाही, त्या एन्झाइमलाच अडकवून ठेवतं. ट्यूबमध्ये त्या जोडीनं दोघेही मेले. पण मूत्रपिंडं थकली आहेत, वय आहे. तुझ्या 'हो की नाही'ला माझं उत्तर 'माहीत नाही' असं आहे. हे उत्तर मी कुठल्याच रिपोर्टवर कधी लिहिलेलं नाही.

आई गेल्यावर अण्णांनी क्षेत्रसंन्यास घेतला, मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही म्हणून संकल्प सोडला, तेव्हा तू म्हणाला होतास, "माझ्याकडे दिल्लीला न यायला आता शास्त्रोक्त कारण मिळालं." परवा म्हणालास, "ग्लानीत आहेत तोवर हलव. डोळे उघडतील तेव्हा दिल्लीत असतील. मग रागावू देत." तू चुकतोयस असं मला म्हणता येत नाही. तिथे औषधं जास्त आहेत, मोठे डॉक्टर आहेत. मी 'बरं' म्हणाले होते.

ॲम्ब्युलन्स आली होती. आज दुपारी. ड्रायव्हरनं वॉर्डच्या दारातूनच हाक दिली, "दीदी, दिल्ली वाला केस आप ही का है न?" त्या आवाजानं अण्णांनी डोळे उघडले.

"कुठं नेताय?"

'एक्स-रेला' असं सांगायचं मी ठरवलं होतं. त्यांनी मानलं असतं. मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही, हे त्यांना माहीत आहे. नेमकं त्यामुळेच जमलं नाही.

"दिल्लीला. दादाकडे."

"तो आलाय?"

"नाही. गाडी पाठवलीय."

मग म्हणाले, "त्याला सांग, रागानं नाही म्हणत. पण मला इथून हलवू नका." आणि थोड्या वेळानं, "तुला काय वाटतं?"

"मला कळत नाही, अण्णा."

"तुला? बरं झालं. एकदा तरी." आणि डोळे मिटून घेतले.

मी गाडी परत पाठवली. हलवायला नकार दिल्याच्या कागदावर सही माझी आहे. नवं औषध संध्याकाळी सुरू झालं. ते लागू पडलं नाही, तर दिल्लीला नेलं असतं तर वाचले असते, असं तू आयुष्यभर म्हणू शकशील. मी वाद घालणार नाही, कारण मलाही ते ठाऊक नसेल.

ताप उतरला की कळवते, असं लिहिणार होते. नको. उतरण्याची वाट बघू नकोस, चढला तर माझ्या फोनचीही नको. अण्णा तापात तुझं नाव घेतात, असंही लिहिणार नाही, कारण घेत नाहीत. पण आज 'तो आलाय?' असं विचारताना त्यांनी माझ्या मागे, दाराकडे बघितलं होतं. तिथे ड्रायव्हर उभा होता.

ये.

तुझी,
मालविका